वाघमारे बाईंची खडी

वाघमारे बाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की आधी भिंतीकडे बघत, मग माणसांकडे. आमच्याकडे आल्या तेव्हा माझ्या बायकोने हौसेने केलेल्या पोह्यांची बशी हातात धरून त्या दोन मिनिटं बाल्कनीच्या कठड्याचा फुटका कोपरा न्याहाळत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "खडी चांगली आहे. वाळूत माती आहे. पोहे उत्तम झालेत हो." एका दमात तिन्ही निकाल. त्यानंतर बायकोच्या पोह्यांचं बऱ्याच जणांनी कौतुक केलं, पण तिला विचाराल तर त्या दिवशीचंच तेवढं खरं, बाकी सगळे तोंडदेखलं बोलतात.

मी बाईंबरोबर नऊ वर्षं काम केलं. काम केलं म्हणजे दगड त्या फोडत आणि मी टाइप करत असे. कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. केतकर साहेब मालक, वाघमारे बाई चाचण्यांच्या प्रमुख, त्यांच्या हाताखाली दोघे जण आणि कागदांचा धनी मी, जोशी. बांधकामाला लागणारी वाळू, विटा, सिमेंट आणि मुख्य म्हणजे खडी आमच्याकडे पोत्यांतून येत असे. आधी पोत्यांवर सोसायट्यांची आणि पुलांची नावं असत. मग पुण्यात आयटीचं वारं शिरलं आणि पोत्यांवर अशी इंग्रजी नावं येऊ लागली, की ती टाइप करून झाल्यावरही मला उच्चारता येत नसत. सगळ्यांनाच घाई होती. पोतं टेबलावर ठेवायच्या आधी माणूस विचारायचा, "रिपोर्ट कधी?"

"लवकर हवा असेल तर नवस बोला," बाई म्हणायच्या. "आमच्याकडे दहा दिवस लागतात."

हे दहा दिवस म्हणजे बाईंच्या आयुष्याचा कणा होता, म्हणून ते जरा सांगायला हवेत. खडीच्या बाकीच्या चाचण्या झटपट होतात. वरून वजन टाकून किती फुटते, दाबाखाली किती चुरते, लोखंडी गोळ्यांबरोबर पिंपात फिरवून किती झिजते, हे एक-दोन दिवसांत कळतं. पण दगड आज मजबूत आहे म्हणजे तो टिकेलच असं नाही. ते बघायला त्याला एका खास मिठाच्या द्रावणात रात्रभर बुडवायचं, सकाळी काढून भट्टीत खडखडीत वाळवायचं आणि पुन्हा बुडवायचं. असं पाच वेळा. मीठ दगडाच्या बारीक भेगांत शिरतं, वाळताना त्याचे खडे होतात आणि ते दगडाला आतून रेटतात. कच्चा दगड त्या रेट्याने फुटतो. शेवटी सगळं मीठ धुऊन काढायचं, वाळवायचं, चाळायचं आणि किती दगड गळाला ते तोलायचं. उन्हापावसाची कित्येक वर्षं दहा दिवसांत दगडाला भोगायला लावायची, असा हा प्रकार.

बाई ते द्रावण दिवसातून दोनदा ढवळत. ढवळण्यात अशी माया, की कुणाला वाटावं आत बासुंदी आहे. रविवारी बुडवलेली खडी बाहेर काढायची असली, तर विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायच्या, पंधरा मिनिटांचं काम करायच्या आणि दोन बस बदलून परत जायच्या. साहेब म्हणाले, "अहो बाई, सोमवारी काढलीत तर काय बिघडतं?" बाई म्हणाल्या, "दगडाचं काही बिघडत नाही. माझं बिघडतं." साहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि धुणं! शेवटचं ते धुणं म्हणजे आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप होता. धुतलेल्या पाण्यात बाई एका छोट्या बाटलीतलं औषध थेंबभर टाकत. पाणी दुधाळ झालं, तर मीठ अजून शिल्लक आहे, पुन्हा धुवा. हाताखालचे दोघे वैतागून म्हणायचे, "बाई, नऊ वेळा झालं." बाई म्हणायच्या, "मग दहावी अवघड जाणार नाही."

त्या पिंपाचा एक किस्सा सांगतो. लोखंडी गोळ्यांच्या त्या यंत्राचं नाव लॉस एंजेलिस. चालू झालं की सोसायटीत कुकरची शिटीसुद्धा ऐकू जात नसे. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ एकदा तावातावाने खाली आले. माझा मुलगा लॉस एंजेलिसला असतो, आत्ता त्याचा फोन होता, तुमच्या धडधडीत एक अक्षर कळलं नाही, अशी तक्रार. बाईंनी यंत्र बंद करायला लावलं, त्यांना खुर्ची दिली, म्हणाल्या, "माफ करा हं. मुलगा काय करतो?" तर सॉफ्टवेअर. "आमचंही लॉस एंजेलिसच आहे," बाई पिंपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "फक्त आमचं हार्डवेअर." गृहस्थ आधी गोंधळले, मग असे हसले, की पुढे दर आठवड्याला मुलाच्या फोनची वेळ स्वतः येऊन सांगू लागले. बाई त्या वेळेला यंत्र बंद ठेवत.

स्वतःबद्दल त्या फारसं बोलत नसत. बहात्तरच्या दुष्काळात त्या शाळकरी होत्या आणि त्यांची आई सोलापूरकडे दुष्काळी कामावर रस्त्यासाठी खडी फोडायची, एवढं मला ठाऊक होतं. तेही एकदा चहा पिताना सहज निघालं म्हणून. "आई दगड फोडायची, मीही दगड फोडते," त्या म्हणाल्या. "मी चष्मा लावून फोडते, एवढाच फरक." पुढे म्हणाल्या, "नाही, अजून एक आहे. आईच्या खडीवर सही मुकादमाची असायची." आणि कप विसळायला उठल्या.

वर्षातून एकदा मात्र त्या हक्काने रजा घेत. दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर. त्यांचे वडील छप्पन सालच्या गर्दीत होते. त्या आठवड्यात पाच बुडवण्यांची चाचणी सुरूच करायची नाही, हा आमचा नियम.

मी घोळ घातला तो नेमका त्याच आठवड्यात.

हिंजवडीला एका मोठ्या कंपनीचं संकुल उभं राहत होतं. पाच इमारती, आतले रस्ते, सगळं. बांधकाम ठेकेदाराचे मॅनेजर होते दाभाडे. मावळातला उंचापुरा, दिलखुलास माणूस. त्यांनी एका नव्या खाणीची खडी आणून दिली. झटपट चाचण्या बाईंनी जायच्या आधी उरकल्या होत्या. तिन्ही झकास. टिकाऊपणाची चाचणी त्या परत आल्यावर सुरू होणार होती. दाभाडे रोज फोन करत होते. साहेब म्हणाले, "जोशी, झालेल्या तीन चाचण्यांचं तात्पुरतं पत्र देऊन टाका."

ऑफिसात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि मी नव्या नवरदेवासारखा त्याच्यावर खूश होतो. जुनं पत्र उघडायचं, नाव बदलायचं, आकडे बदलायचे, की नवं पत्र तयार! त्या जुन्या पत्राच्या तळाला एक ओळ होती, 'टिकाऊपणा : समाधानकारक'. ती तशीच राहिली. खरं सांगायचं तर ती मला दिसली होती. मी म्हटलं असू दे. पुण्याचा काळा दगड टिकाऊपणात नापास झाल्याचं मी नऊ वर्षांत एकदाही टाइप केलं नव्हतं. साहेबांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी सही ठोकली आणि पत्र गेलं.

बाई परत आल्या, फाईल उघडली, आणि मला हाक मारली.

"जोशी, हा दगड अजून पाण्यात पडला नाही आणि पास झाला? फारच हुशार दिसतोय."

मी कॉम्प्युटरवर ढकलून बघितलं. बाई म्हणाल्या, "कॉम्प्युटरला दगड कळत नाही. तुम्हाला कळतो, असा माझा समज होता." मला त्यांनी वाटेल ते बोललेलं परवडलं असतं, हे नाही परवडलं.

खडी बुडवली. तिसऱ्या खेपेला तुकड्यांना कडेने केसाएवढ्या भेगा गेल्या. चौथ्या खेपेला टोपलीच्या तळाशी चुरा दिसायला लागला. बाईंनी भिंग लावून मला दाखवलं. काळ्या दगडात हिरवट ठिपके होते आणि दगड नेमका त्यांच्याभोवतीच सुटत होता. पाचव्या खेपेनंतर धुऊन, वाळवून, चाळून तोललं, तर पाव हिस्सा दगड गायब. चालतं त्याच्या दुप्पट. बाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. पोत्यातली उरलेली खडी घेतली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

केतकर साहेबांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. "बाई, काळा दगड आहे हो! अख्खा सह्याद्री याचाच आहे. हजारो वर्षं उभा आहे."

"तोही झिजतोच आहे साहेब. फक्त त्याला कुणी दाखला मागत नाही."

"आपलंच पास केल्याचं पत्र आपणच खोडायचं? उद्या या गावात कोण आपल्याकडे पोतं पाठवेल?"

बाईंनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "या खडीचे खांब उभे राहणार आहेत. त्यांच्याखाली हजारो पोरं बसून काम करणार. मी नापास लिहिणार. चुकले असेन, तर पुन्हा माझी सही कुठल्याही कागदावर घेऊ नका. मी घरी बसते."

हे त्या चिडून बोलल्या असत्या, तर साहेबांनी समजूत काढली असती. पण त्या बस किती वाजता आहे हे सांगावं तशा बोलल्या. रिपोर्ट मी टाइप केला. एकेक अक्षर नवंकोरं, कुठलंही जुनं पत्र न उघडता.

दाभाडे दुसऱ्याच दिवशी हजर. "बाई, दगड हाय तो, बिस्किट न्हाई!"

"बिस्किट असतं तर एका बुडवणीत कळलं असतं. दगडाला पाच लागतात."

"शंभर गाड्या खडी येऊन पडलीय साइटवर. कुठं टाकू?"

"इमारतीत सोडून कुठेही."

दाभाड्यांनी खडी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत नेली आणि दोन आठवड्यांत 'पास' असा रिपोर्ट आणला. मग काय विचारता! त्या संकुलाचे बांधकाम प्रमुख होते अय्यर साहेब. त्यांनी सगळ्यांना हिंजवडीला बोलावलं. साहेबांनी गाडीत बसताना मला म्हटलं, "जोशी, आज बाईंचा शेवटचा दिवस बहुतेक." बाई पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी ऐकलं असणारच. त्या खिडकीतून रस्त्याचं काम बघत होत्या.

साइटवरच्या त्या थंडगार ऑफिसात काचेचं लांबलचक टेबल होतं. अय्यर साहेब आडनावाने तमिळ, पण वाढलेले कर्वेनगरात, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि बोलणं अस्सल पुणेरी. त्यांनी तीन कागद समोर मांडले. "मॅडम, हे तुमचं पत्र. पास. हा तुमचाच रिपोर्ट. नापास. हा दुसऱ्यांचा. पास. दोन विरुद्ध एक झालं. त्यातही तुमचं तुमच्याशीच जमत नाही, असं दिसतंय."

मी खुर्चीत अंग चोरून बसलो. आता माझं नाव निघणार.

"पहिलं पत्र ही आमची चूक," बाई म्हणाल्या. "चाचणी न करता लिहिलं. त्याबद्दल मी माफी मागते. ते तुम्ही फाडून टाका." माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला इतकी लाज वाटली, की त्यांनी नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"मग राहिले दोन," अय्यर म्हणाले.

दाभाड्यांनी त्या दुसऱ्या प्रयोगशाळेतून खडीची कापडी पिशवीच आणली होती. तुकडे त्यांनी टेबलावर ओतले. "बघा की, पाच येळा बुडवलेली हाय. कुठं काय झालंय?" तुकडे खरोखर अखंड दिसत होते. केतकर साहेबांनी डोळे मिटून घेतले.

बाई दुसऱ्या रिपोर्टावरून बोट फिरवत होत्या. बोट एका जागी थांबलं. "अय्यर साहेब, ही ओळ वाचता का जरा? बुडवण्याआधीचं वजन आणि नंतरचं."

अय्यरांनी वाचलं. भुवया वर गेल्या. "नंतरचं जास्त आहे."

"पाच वेळा बुडवला, पाच वेळा भाजला, आणि दगड वजनाने वाढला. माहेरपणाला गेला होता का?"

कुणीतरी खुसकन हसलं. बाईंनी टेबलावरचा एक तुकडा उचलला, सगळ्यांदेखत जिभेला लावला आणि म्हणाल्या, "धुतलेला नाही."

दाभाडे उसळले. "आता जिभेवर निकाल लावणार का?"

बाईंनी पर्समधून आमच्या प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी भरलेली बाटली काढली, त्यांची ती छोटी बाटली काढली. दोन पेल्यांत पाणी ओतलं. एकात दाभाड्यांच्या खडीचे चार तुकडे टाकून चमच्याने ढवळलं. दुसरा तसाच. नंतर खडीवरचं निवळलेलं पाणी एका तिसऱ्या पेल्यात ओतून घेतलं. साध्या पाण्यात औषधाचा एक थेंब टाकला. काही नाही. निवळलेल्या पाण्यात एक थेंब टाकला आणि पेला पांढराशुभ्र झाला. दूधच.

"मीठ आतच ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "जेवढा दगड गळाला, तेवढं मीठ वजनात भरलं. आणि फुटलेले तुकडे त्या मिठानेच धरून ठेवले होते. आता तो खडीचा पेला बघा."

आम्ही सगळे वाकलो. मीठ विरघळलं होतं. बाईंनी चमच्याने एक तुकडा नुसता हलवला. तो उकडलेल्या बटाट्यासारखा फुटला आणि पेल्याच्या तळाशी हिरवट चुरा बसला. दुसरा हलवला. तोही गेला.

 अय्यर साहेबांनी टेबलावरचा उरलेला एक कोरडा तुकडा उचलला, थोडे ओशाळले, आणि चक्क चाटून पाहिला. तोंड वेडंवाकडं केलं. "खारट आहे हो!" मग त्यांनी तो दाभाड्यांपुढे धरला. दाभाड्यांनीही चाटला. एवढा मोठा माणूस, पण मुकाट चाटला. "आयला," ते म्हणाले, "मी तर हितंच माझं हापिस बांधणार होतो." आणि त्यांना हसू आलं. मग अय्यरांना आलं. मग सगळ्यांनाच. केतकर साहेबांनी डोळे उघडले आणि काय झालं ते न कळताच हसायला लागले. मी हसत होतो की रडत होतो हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. आमच्या वाघमारे बाईंनी सगळ्या हिंजवडीला दगड चाटायला लावला होता! बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पेले विसळायला जागा शोधत होत्या.

परतताना गाडीत मी म्हटलं, "बाई, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमचं नाव घेतल्याने दगड सुधारणार होता का?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही सुधाराल, असं वाटलं."

शंभर गाड्या खडी साइटवरून उचलली गेली. केतकर साहेबांची भीती अगदीच फुकट गेली. आपलं चुकलेलं पत्र स्वतःच फाडायला सांगणारी प्रयोगशाळा, म्हणून लोक लांबून पोती पाठवू लागले. पण बाई आमच्याकडे राहिल्या नाहीत. अय्यर साहेबांनी त्यांना संकुलाच्या जागेवरच प्रयोगशाळा काढून दिली. त्यांच्या नेमणुकीच्या पत्राची प्रत बाईंनी मला वाचायला दिली होती. त्यात लिहिलं होतं, की वाघमारे यांच्या सहीशिवाय कोणतंही साहित्य फाटकातून आत येणार नाही. मी ती ओळ त्यांच्यासमोर दोनदा मोठ्याने वाचली. त्या म्हणाल्या, "बरं आहे टायपिंग."

पुढे काही महिन्यांनी त्यांचे राहिलेले कागद द्यायला मी हिंजवडीला गेलो. दुपारची वेळ होती. फाटकाबाहेर खडीने भरलेला डंपर उभा होता, आणि त्याच्या मागे आणखी पाच-सहा, रस्त्याच्या वळणापर्यंत. ड्रायव्हर खाली उतरून उभा, शेजारी दाभाडे. बाई डंपरच्या मागच्या फळीवर चढल्या होत्या. साडीचा पदर खोचलेला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, त्यावरून चष्म्याची दोरी. त्यांनी वरची खडी बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर बाहेर काढली, उन्हात धरली, भिंगातून बघितली. सगळ्यांचे डोळे त्यांच्या मुठीकडे. मी हाक मारली नाही.

बाईंनी मूठ उघडून खडी परत टाकली, हात झटकले आणि मान हलवली. नाही.

दाभाड्यांनी कारण विचारलं नाही. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, माघारी घे." आणि मागचे पाच-सहा डंपर रिव्हर्समध्ये एकेक करून हलायला लागले.